विजयगीत आणि किंग्जमिलचे कामगार

११ ऑक्टोबर २०२२ रोजी ग्लासगो शहरातील हॅम्पडेन मैदानावर आयर्लंडच्या महिला फुटबॉल संघाने स्कॉटलंडचा १-० असा पराभव केला आणि विश्वचषक स्पर्धेत प्रवेश मिळवला. आयर्लंडच्या महिलांना हे यश प्रथमच लाभत होते. विजयी गोल करणारी अ‍ॅम्बर बॅरेट ही डॉनिगॉल परगण्यातली. त्याच परगण्यातील क्रीसलॉख नावाच्या खेड्यात चार दिवसांपूर्वी पेट्रोल पंपावर स्फोट होऊन दहा माणसे दगावली होती. बॅरेटने आपला गोल त्या मृतांना अर्पण केला. खेळाने समाजाच्या दुःखाशी नाते जोडावे ते असे. परंतु सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये जे घडले, त्याने हा सारा प्रसंग झाकोळून गेला. विजयाच्या धुंदीत खेळाडूंनी एक गाणे म्हटले. 'वुल्फ टोन्स' या प्रसिद्ध आयरिश गायकमंडळींचे ते गाणे ग्लासगोच्या सेल्टिक क्लबच्या शताब्दीच्या निमित्ताने १९८७ साली रचलेले आहे. त्यात एका ठिकाणी आयरिश रिपब्लिकन आर्मीचा, म्हणजे आयआरएचा, जयजयकार येतो. त्या जयजयकाराची चित्रफीत एका खेळाडूने समाजमाध्यमांवर प्रसारित केली आणि रात्रीतून ती सर्वत्र पोचली. प्रशिक्षक व्हेरा पाऊ यांनी माफी मागितली, आयरिश फुटबॉल संघटनेने मागितली, खेळाडूंनीही मागितली. डिसेंबरमध्ये युरोपीय फुटबॉल महासंघाने संघटनेला २०,००० युरोंचा दंड केला आणि प्रकरण कागदोपत्री मिटले.

प्रकरण मिटले, प्रश्न मात्र मिटला नाही. वस्तुतः तो तेथेच सुरू झाला. ब्रिटनमधील एका दूरचित्रवाणी मुलाखतकाराने संघातील एका खेळाडूला दुसऱ्याच दिवशी विचारले की, या प्रकारावरून शिक्षणाची गरज दिसून येत नाही काय? आयर्लंडमध्ये या प्रश्नाने संतापाची लाट उसळली, आणि ते स्वाभाविक होते. ज्या देशाने आयर्लंडवर शतकानुशतके राज्य केले, त्याने आयरिश मुलींना इतिहासाचे पाठ द्यावेत, हे त्या लोकांना मानवणे शक्यच नव्हते. इंग्लंडमध्ये असंख्य मुले आयर्लंडच्या इतिहासाचे एक पानही न वाचता शाळेतून बाहेर पडतात. तेव्हा शिक्षणाची गरज नेमकी कोणाला, असा उलट सवाल आयरिश वृत्तपत्रांतून विचारला गेला.

हा उलट सवाल योग्यच होता. परंतु त्याच्या आडोशाने दुसरा एक युक्तिवाद पुढे आला आणि डाव्या विचारांच्या मंडळींनीही तो उचलून धरला. विचार करायचा तो याच युक्तिवादाचा. तो असा की, सेल्टिकच्या चाहत्यांची किंवा आयरिश तरुणांची ही गाणी म्हणजे दडपलेल्या जनतेचा उद्गार होय. त्यांची तुलना ग्लासगो रेंजर्सच्या चाहत्यांच्या कॅथलिकद्वेष्ट्या गाण्यांशी करणे म्हणजे जुलूम करणारा आणि जुलूम सोसणारा यांना एकाच मापाने मोजणे. साम्राज्यशाहीविरुद्धच्या लढ्याबद्दल आस्था बाळगणाऱ्या कोणालाही हा युक्तिवाद प्रथमदर्शनी पटेल. म्हणूनच तो अधिक काळजीने तपासला पाहिजे.

दडपशाहीचा भाग खोटा नाही. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख आयरिश माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि गुरे इंग्लंडकडे रवाना होत होती. या दुष्काळातून जगलेले, वाचलेले लोक ग्लासगोच्या झोपड्यांत येऊन पडले. त्या शहराच्या पूर्व भागातील उपाशी मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा करावा, म्हणून ब्रदर वॉलफ्रिड या कॅथलिक धर्मबंधूने १८८७ साली सेल्टिक क्लब स्थापन केला. म्हणजे या क्लबचा जन्म भुकेच्या पोटी झाला. पुढे १९२३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडच्या सभेपुढे एक अहवाल आला. आयरिश वंशामुळे स्कॉटिश राष्ट्रीयत्व धोक्यात आले आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याबद्दल चर्चने खेद व्यक्त केला तो २००२ साली. ऐंशी वर्षे जावी लागली! आणि २००८ मध्ये रेंजर्सच्या चाहत्यांनी त्याच दुष्काळावर एक गाणे रचले. दुष्काळ संपला, आता तुम्ही आपल्या घरी का जात नाही, असा त्याचा रोख होता. स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने २००९ मध्ये ते वंशद्वेषी ठरवले. दहा लाखांच्या मृत्यूची मैदानावर अशी थट्टा होत असेल, तर समोरच्या बाजूला संताप उसळणारच.

आयर्लंडच्या मैदानांवर रक्तही सांडलेले आहे, आणि ते केवळ अलंकारिक अर्थाने नव्हे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर टिपररी आणि डब्लिन यांच्यातील गेलिक फुटबॉलचा सामना सुरू असताना ब्रिटिश दलांनी गर्दीवर गोळीबार केला. त्यात चौदा जण ठार झाले. टिपररीचा खेळाडू मायकेल होगन मैदानातच कोसळला. क्रोक पार्कच्या एका प्रेक्षागाराला आजही त्याचे नाव आहे. त्याच दिवशी सकाळी आयआरएने शहरात ब्रिटिश गुप्तहेरांची हत्या केली होती आणि त्याचा सूड प्रेक्षकांवर उगवण्यात आला. १९७२ साली डेरी येथे ३० जानेवारीला नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश पॅराशूट पलटणीने गोळ्या झाडल्या. तेरा जण जागीच गेले, चौदावा नंतर गेला. ती माणसे निरपराध होती हे ब्रिटिश सरकारने मान्य केले २०१० मध्ये, अडतीस वर्षांनी.

हे सारे जमेला धरूनही प्रश्न उरतो. ड्रेसिंग रूममधल्या गाण्यात ज्या संघटनेचा जयजयकार झाला, तिच्या नावावर १९२० चा स्वातंत्र्यलढा जसा आहे, तसेच १९७० नंतरच्या तीन दशकांतील हिशेबही आहेत. उत्तर आयर्लंडमधील त्या संघर्षात सुमारे साडेतीन हजार माणसे मारली गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक आयआरए आणि तत्सम रिपब्लिकन संघटनांच्या हातून, सुमारे तीस टक्के प्रॉटेस्टंट लॉयलिस्ट टोळ्यांच्या हातून आणि दहा टक्के ब्रिटिश सुरक्षा दलांच्या हातून. मेलेल्यांत निम्मे सामान्य नागरिक होते. ही आकडेवारी कोणाचा अपराध मोठा हे ठरवण्यासाठी नव्हे. गाणे कोणाकोणाच्या कानावर पडते याची जाणीव व्हावी म्हणून ती येथे दिली आहे.

त्या आकड्यांतला एकच प्रसंग पाहू. ५ जानेवारी १९७६ च्या संध्याकाळी दक्षिण आर्मा परगण्यात किंग्जमिलजवळ एका कापड गिरणीतले कामगार छोट्या बसमधून घरी परतत होते. हातात बंदुका घेतलेल्या लोकांनी बस अडवली, सर्वांना खाली उतरवून रांगेत उभे केले आणि विचारले, तुमच्यात कॅथलिक कोण? बसमध्ये कॅथलिक कामगार एकच होता. त्याच्या प्रॉटेस्टंट सहकाऱ्यांना वाटले, हे लॉयलिस्ट आहेत आणि याला मारायला आले आहेत. कारण आदल्याच दिवशी त्या भागात दोन घरांवर हल्ले होऊन कॅथलिकांचे मुडदे पडले होते. म्हणून त्यांनी त्याला पुढे होऊ दिले नाही, धरून ठेवण्याचा प्रयत्न केला. बंदूकधाऱ्यांनी त्या कॅथलिकाला ओळखले, निघून जा म्हणून सांगितले आणि उरलेल्या अकरा जणांवर गोळ्यांचा वर्षाव केला. दहा मेले; अठरा गोळ्या लागूनही एक वाचला. आपल्या सोबत्याला वाचवण्यासाठी हात पुढे करणारे ते कामगार आदल्या दिवशीच्या खुनांचा सूड म्हणून मारले गेले. आयआरएने जबाबदारी कधीही स्वीकारली नाही. एका बनावट नावाने ती स्वीकारली गेली. परंतु एप्रिल २०२४ मध्ये कॉरोनरने निर्णय दिला की हे कृत्य आयआरएचेच होते आणि ते निखळ जमातवादी हत्याकांड होते.

ज्यांना कामगारांची एकजूट ही केवळ ठरावात लिहिण्याची गोष्ट वाटत नाही, त्यांनी क्षणभर त्या रांगेपाशी थांबावे. एका कॅथलिक कामगाराला लपवू पाहणारे ते प्रॉटेस्टंट कामगार वर्गीय बंधुभावाचे शिक्षण कोणत्याही अभ्यासवर्गात घेऊन आलेले नव्हते. रोज एकाच यंत्रावर काम करून, एकाच बसने जाऊन-येऊन जे शिकायचे ते ते शिकले होते. ज्या गाण्यात त्यांना मारणाऱ्यांचा जयजयकार आहे, त्याला दडपलेल्यांचा उद्गार म्हणायचे असेल, तर या दडपलेल्यांत ते दहा जण कुठे बसतात, हेही सांगावे लागेल. डावे टीकाकार हे सांगत नाहीत. ते साम्राज्यशाहीची कुळकथा सांगतात, ती खरीही असते, आणि तेवढ्यावर थांबतात. शिन फेनच्या एका खासदाराने ५ जानेवारी २०१८ रोजी, म्हणजे नेमक्या स्मृतिदिनी, 'किंग्जमिल' याच नावाचा पाव डोक्यावर ठेवून आपली चित्रफीत प्रसारित केली होती. तसा हेतू नव्हता असे तो म्हणाला; तरीही त्याला राजीनामा द्यावा लागला. हेतू नसताही जखमेवर मीठ पडते. ड्रेसिंग रूममधील मुलींबाबतही नेमके तेच म्हणता येईल. त्यांच्यापैकी कित्येकींचा जन्म १९९८ च्या करारापूर्वी दोन-चार वर्षांचा किंवा त्यानंतरचा. त्यांच्यासाठी तो जयजयकार म्हणजे सामन्यानंतर ओठांवर येणारा ठेका होता. त्यांना गुन्हेगार ठरवण्यात काही अर्थ नाही.

आता मैदानाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. रेंजर्सच्या चाहत्यांचे सर्वांत गाजलेले गाणे कॅथलिकांच्या रक्ताची भाषा करते. ज्या बिली फुलर्टनच्या टोळीवरून ते आले, ती टोळी १९२० नंतरच्या दशकांत ग्लासगोच्या ब्रिजटन वस्तीत दहशत माजवत होती. हा फुलर्टन फॅसिस्ट संघटनेचा सदस्य होता आणि १९२६ च्या सार्वत्रिक संपात संप फोडण्याच्या कामगिरीबद्दल त्याला पदक मिळाल्याचे नमूद आहे. ज्याने त्यांच्या आज्या-पणज्यांचा संप फोडला, त्याच्या टोळीचे गाणे ग्लासगोच्या गोदी कामगारांची नातवंडे छाती फुगवून गातात! मालकवर्गाला याहून स्वस्त शिपाई कोठे मिळतील? रेंजर्स क्लबने तर अनेक दशके कॅथलिक खेळाडूंना दूरच ठेवले होते. १९८९ मध्ये मो जॉन्स्टन या नामवंत कॅथलिक खेळाडूला क्लबने घेतले, तेव्हा काही चाहत्यांनी आपली हंगामाची तिकिटे जाळली. १९९९ मध्ये क्लबच्या उपाध्यक्षालाच ही गाणी गाताना चित्रफितीत पकडले आणि त्याला पद सोडावे लागले. तो व्यवसायाने नामांकित वकील होता. तेव्हा हे सारे अडाणी गर्दीचे चाळे होत, असे मानण्याचे कारण नाही.

फुटबॉलच्या या वैराला कारखान्यांनी खतपाणी घातले. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ या जहाजबांधणी कंपनीने १९१२ साली ग्लासगोच्या गव्हन भागात, म्हणजे रेंजर्सच्या दारातच, आपला कारखाना काढला. बेलफास्टचे प्रॉटेस्टंट कारागीर तेथे आले आणि त्यांच्याबरोबर तेथील वैरही आले. कुशल कामे प्रॉटेस्टंटांना, हमालीची कामे कॅथलिकांना, ही वाटणी बेलफास्टमध्ये पक्की होती. १९२० च्या जुलैत तेथील जहाजबांधणी कारखान्यांतून हजारो कॅथलिक कामगारांना मारहाण करून हाकलून देण्यात आले. त्यांच्यासोबत समाजवादी विचारांच्या प्रॉटेस्टंट कामगारांनाही हाकलले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. आयर्लंडची फाळणी झाली, तर उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे प्रतिगाम्यांचे राज्य येईल आणि कामगार चळवळ दुभंगेल, असा इशारा जेम्स कॉनॉली यांनी १९१४ मध्येच दिला होता. कॉनॉली यांचा जन्म एडिंबरोच्या आयरिश वस्तीतला. १९१६ च्या उठावानंतर इंग्रजांनी त्यांना जखमी अवस्थेत खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या. त्यांचा इशारा अक्षरशः खरा ठरला.

दुफळी अटळ होती काय? बेलफास्टच्या इतिहासातच याचे उत्तर आहे. १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये बेलफास्टच्या बेकारांनी सरकारी मदतकामांवरील तुटपुंज्या मजुरीविरुद्ध संप पुकारला. फॉल्स रस्त्यावरचे कॅथलिक आणि शँकिल रस्त्यावरचे प्रॉटेस्टंट एका मोर्चात चालले. मोर्च्यापुढे वाजंत्री हवी होती. पण एक अडचण उभी राहिली. दोन्ही बाजूंच्या बँडवाल्यांना जी गाणी येत होती ती सगळी एकमेकांविरुद्धची! अखेर सर्वांना ठाऊक असलेली आणि कोणाचेही मन न दुखवणारी एकच चाल सापडली. ती एका थिल्लर अमेरिकन गाण्याची होती, फळवाल्याकडची केळी संपली असे सांगणारे. भुकेल्यांचा मोर्चा त्या चालीवर निघाला. ११ ऑक्टोबर १९३२ रोजी, म्हणजे हॅम्पडेनच्या त्या सामन्याच्या बरोबर नव्वद वर्षे आधी, सरकारने मोर्चावर बंदी घातली आणि पोलिसांनी गोळीबार केला. दोघे मेले. एक प्रॉटेस्टंट, एक कॅथलिक. त्यांच्यानंतर सरकारला मदतीचे दर वाढवावे लागले. ती एकजूट टिकली नाही. पुढाऱ्यांनी आणि धर्मोपदेशकांनी जुने ढोल पुन्हा बडवले आणि १९३५ च्या उन्हाळ्यात शहरात जमातवादी दंगली पेटल्या. पण गाणे बदलता येते हे त्या मोर्चाने दाखवून दिले होते.

क्रीडांगणांवर ती शिकवण पोचली नाही. १९४८ च्या नाताळात विंडसर पार्कवर लिनफिल्ड आणि बेलफास्ट सेल्टिक या संघांचा सामना बरोबरीत सुटला. त्यानंतर लिनफिल्डचे चाहते मैदानात घुसले आणि त्यांनी सेल्टिकचा गोलनोंद्या जिमी जोन्स याला मारून त्याचा पाय मोडला. जोन्स स्वतः प्रॉटेस्टंट होता! अंगावर कोणता शर्ट आहे एवढेच जमावाने पाहिले. या घटनेनंतर बेलफास्ट सेल्टिकने लीगमधून कायमची माघार घेतली. त्याच विंडसर पार्कवर १७ नोव्हेंबर १९९३ रोजी उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांचा सामना झाला. त्याच्या तीन आठवडे आधी शँकिल रस्त्यावर आयआरएच्या बॉम्बने नऊ निरपराध आणि बॉम्ब ठेवणारा एक अशी दहा माणसे मेली होती. आणि पुढच्याच आठवड्यात ग्रेस्टील येथील मद्यालयात लॉयलिस्टांनी आठ जणांना गोळ्या घातल्या होत्या. त्या रात्री विंडसर पार्कवरील वातावरण इतके विषारी होते की, मेरी जोन्स यांनी १९९४ मध्ये त्यावरच 'अ नाइट इन नोव्हेंबर' हे एकपात्री नाटक लिहिले. सामना पाहायला गेलेला एक साधा प्रॉटेस्टंट कारकून आपल्याच लोकांच्या ओरडण्याने शरमिंदा होतो, हा त्याचा विषय. त्याच महिन्यात आयरिश कामगार संघटनांच्या महासंघाने उत्तर आयर्लंडमध्ये ठिकठिकाणी हिंसेविरुद्ध मोर्चे काढले. हजारो कामगार कामे टाकून आले. त्या मोर्चांवर कोणी गाणे रचल्याचे ऐकिवात नाही. पुढे २००२ मध्ये नील लेनन या कॅथलिक खेळाडूकडे उत्तर आयर्लंडच्या संघाचे नेतृत्व येणार होते. सामन्याच्या दिवशी त्याला ठार मारण्याची धमकी आली आणि तो आपल्या देशासाठी पुन्हा कधी खेळला नाही.

आपल्याकडे कोणी याला परदेशी वेड म्हणून हसू नये. मुंबईच्या जिमखान्यांनी हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे धर्मवार संघ पाडून क्रिकेट खेळवले. १९३७ मध्ये उरलेल्यांचा पाचवा संघ आला आणि पंचरंगी सामने भरू लागले. १९४० साली गांधीजींनी त्यांना विरोध दर्शवला. तरी ते चालूच राहिले आणि शेवटी १९४६ मध्ये थांबले. फाळणी तोवर दाराशी आली होती. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी अहमदाबादेत पाकिस्तानी फलंदाज बाद होऊन परतत असताना प्रेक्षागारातून ज्या धार्मिक घोषणा झाल्या, त्या ऐकताना बेलफास्टचा नोव्हेंबर कोणाला आठवला असेल तर त्यात नवल नाही.

उपाय काय? स्कॉटलंडने कायदा करून पाहिला. २०१२ च्या कायद्याने फुटबॉल सामन्यांतील द्वेषमूलक वर्तन हा गुन्हा ठरवला. प्रत्यक्षात पोलिसांनी गल्लीबोळांतील पोरांना कॅमेऱ्यात टिपून कोर्टात नेले, कोणते गाणे गुन्हा आणि कोणते नाही याबद्दल न्यायाधीशांतच एकमत होईना, आणि २०१८ मध्ये स्कॉटिश संसदेने हा कायदा ६२ विरुद्ध ६० मतांनी रद्द केला. युरोपीय महासंघ दंड आकारतो. २०१९ मध्ये त्याने आयब्रॉक्सचा काही भाग प्रेक्षकांना बंद केला. या शिक्षांनी काही काळ आवाज खाली येतो. कोणी म्हणेल तेवढेही थोडे नाही, आणि ते खरे आहे. पण ब्रिटिश शासनाने गाणी थांबवण्याची जेवढी तत्परता दाखवली, तेवढी मेलेल्यांच्या नातलगांना सत्य सांगण्यात कधीच दाखवली नाही. २०२३ मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने असा कायदा केला की उत्तर आयर्लंडच्या संघर्षातील अपूर्ण राहिलेल्या कॉरोनर-चौकशा १ मे २०२४ पासून बंद व्हाव्यात, नवे दिवाणी दावे दाखल करता येऊ नयेत आणि आरोपींना अटींवर अभय मिळावे. बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अभयाची तरतूद मानवी हक्कांच्या युरोपीय सनदेशी विसंगत ठरवली. जुलै २०२४ मध्ये निवडून आलेल्या मजूर पक्षाने हा कायदा बदलण्याचे आश्वासन दिले. उत्तर आयर्लंडमधील सर्व प्रमुख पक्षांचा, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्हींचा, या कायद्याला विरोध होता. त्या भूमीत इतके एकमत क्वचितच होते. १९७२ मध्ये बेलफास्टमधून आयआरएने पळवून नेलेल्या, दहा मुलांच्या विधवा आईचा सांगाडा २००३ मध्ये समुद्रकाठी सापडला. अशा घरांना मैदानावरची घोषणा कशी ऐकू येत असेल, हे दंडाच्या पावतीवरून कळणार नाही.

गाणे थांबते ते केव्हा, याचेही एक उदाहरण आहे. २४ फेब्रुवारी २००७ रोजी क्रोक पार्कवर आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यात रग्बीचा सामना झाला. १९२० साली जेथे इंग्रजांच्या गोळ्यांनी माणसे मेली, त्याच मैदानावर इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजणार होते. गोंधळ होईल, हुर्यो उडवली जाईल, अशी भीती होती. ऐंशी हजारांच्या गर्दीने ते राष्ट्रगीत शांतपणे ऐकले आणि मग आयर्लंडने इंग्लंडला ४३-१३ असे हरवले. ही शांतता कोणा पोलिसाने आणली नव्हती. १९९८ चा करार झाला होता. गेलिक क्रीडा संघटनेने ब्रिटिश दलांच्या सदस्यांवरील बंदी २००१ मध्ये उठवली होती. क्रोक पार्क इतर खेळांना खुले करण्याचा निर्णय २००५ मध्ये, गावोगावच्या शाखांत महिनोन् महिने वाद घालून, मतदानाने घेतला होता. ते राष्ट्रगीत वाजले त्याआधी लोकांनी आपसात बोलून घेतले होते.

बोलणे जेथे झाले नाही, तेथे जखम तशीच आहे. १८ जून १९९४ रोजी उत्तर आयर्लंडमधील लॉकिनआयलंड या खेड्यातल्या मद्यालयात गावकरी दूरचित्रवाणीवर विश्वचषकाचा सामना पाहत होते. अमेरिकेत आयर्लंडचा संघ इटलीविरुद्ध खेळत होता आणि जिंकतही होता. दोन लॉयलिस्ट बंदूकधारी आत शिरले आणि त्यांनी पाठमोऱ्या बसलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या. सहा मेले, त्यांत सत्त्याऐंशी वर्षांचा एक म्हातारा होता. बरोबर अठरा वर्षांनी, १८ जून २०१२ रोजी, आयर्लंड आणि इटली यांचीच पुन्हा गाठ पडली. महासंघाची परवानगी घेऊन आयर्लंडचे खेळाडू त्या सामन्यात दंडाला काळ्या फिती बांधून उतरले. २०१६ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस लोकपालांनी अहवाल दिला की त्या हल्ल्यात पोलिसांचे हल्लेखोरांशी संगनमत होते आणि तपासात अक्षम्य त्रुटी राहिल्या. त्या सहा जणांच्या खुनाबद्दल आजवर एकालाही शिक्षा झालेली नाही.